पी. सी. जोशी आणि पक्षनेतृत्वाची कसोटी

डिसेंबर १९२५ मधील कानपूरच्या परिषदेत आपला जन्म झाला असे भारतीय कम्युनिस्ट पक्ष मानतो; मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष मात्र तो मान ऑक्टोबर १९२० मधील ताश्कंदच्या बैठकीला देतो. जन्मतारखेवरही एकमत नसलेल्या या चळवळीची शंभर वर्षे आता दोन्ही हिशेबांनी पूर्ण झाली आहेत. शताब्दीच्या निमित्ताने जे लिहिले-बोलले जाते त्यात एकीकडे हुतात्म्यांची यादी असते, तर दुसरीकडे १९४२ च्या ‘गद्दारी’चा उद्धार. या दोहोंच्या मधोमध उभा असलेला एक माणूस सहसा कोणाच्याच भाषणात येत नाही. १९३५ च्या अखेरीपासून १९४८ च्या प्रारंभापर्यंत, म्हणजे दोन महायुद्धांमधल्या काळाची अखेर, संपूर्ण युद्धकाळ आणि फाळणी अशा सगळ्या वादळात, या पक्षाचे सुकाणू ज्यांच्या हाती होते ते सरचिटणीस पूरणचंद जोशी. राजकीय पक्ष निर्णय कसे घेतात, ते चुकले तर दुरुस्त कसे करतात आणि त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांत ज्यांना रस आहे त्यांनी जोशींची ही बारा वर्षे अवश्य अभ्यासावीत, असे मला वाटते.

जोशींचा जन्म १९०७ मधला, अल्मोड्याचा. अलाहाबाद विद्यापीठात शिकत असताना ते युवक चळवळीत आले आणि २० मार्च १९२९ रोजी मीरत कटाच्या खटल्यात ज्या ३१ जणांना अटक झाली त्यांत वयाने सर्वांत लहान ठरले. सम्राटाचे हिंदुस्थानवरील सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट केल्याचा आरोप या सर्वांवर होता. आरोपींत मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे आणि बंगालचे मुझफ्फर अहमद होते, तसेच फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे इंग्रजही होते. खटला जवळपास चार वर्षे चालला. आरोपींनी न्यायालयालाच आपले व्यासपीठ केले आणि त्यामुळे साम्यवादाचा जेवढा प्रचार झाला तेवढा पत्रकांनी कधी झाला नसता. पण प्रचार वेगळा आणि संघटना वेगळी. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांचा सहा महिने चाललेला संप लढवणारी ही मंडळी तुरुंगात गेली आणि बाहेर संघटनेची वाताहत झाली.

या वाताहतीला केवळ सरकारी दडपशाही कारणीभूत नव्हती. कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे कॉमिन्टर्नच्या, १९२८ मधील सहाव्या अधिवेशनाने कडव्या डाव्या धोरणाचा आदेश दिला होता. त्यानुसार काँग्रेस हा भांडवलदारांचा पक्ष ठरला आणि गांधी-नेहरूंना उघडे पाडणे हे कम्युनिस्टांचे कर्तव्य ठरले. परिणामी १९३० मध्ये देश मिठाच्या सत्याग्रहाने ढवळून निघत असताना कम्युनिस्ट त्या लाटेपासून अलिप्त राहिले. १९३४ मध्ये सरकारने पक्षावर बंदी घातली तेव्हा बंदी घालण्याइतकेही त्यात फारसे काही उरले नव्हते. सरचिटणीसपद डॉ. गंगाधर अधिकारींकडे आले आणि त्यांना अटक झाली; पुढे सोमनाथ लाहिरीही तुरुंगात गेले. अशा वेळी, १९३५ च्या अखेरीस, अवघ्या २८ वर्षांच्या जोशींच्या गळ्यात हे पद पडले. आज आपण ज्याला नेतृत्वाची निवड म्हणतो तसे त्यात काही नव्हते. जो तुरुंगाबाहेर होता तो सरचिटणीस झाला.

त्यांच्या सुदैवाने वारा बदलला होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर कडव्या धोरणाचे दिवाळे निघाले आणि १९३५ च्या उन्हाळ्यात कॉमिन्टर्नच्या सातव्या अधिवेशनाने फॅसिझमविरुद्ध संयुक्त आघाडीचा नारा दिला. पाठोपाठ रजनी पाम दत्त आणि ब्रॅडली यांनी लंडनहून प्रबंध लिहून भारतीय कम्युनिस्टांना काँग्रेसमध्ये राहून काम करण्याचा सल्ला दिला. आदेश बाहेरचा होता, हे खरे. पण आदेश मिळणे आणि त्यातून पक्ष उभा करणे यांत अंतर असते, आणि ते जोशींनी भरून काढले. काँग्रेस समाजवादी पक्षाचे दरवाजे कम्युनिस्टांना खुले झाले. १९३६ या एका वर्षात लखनौमध्ये किसान सभा, विद्यार्थी फेडरेशन आणि प्रगतिशील लेखक संघ अशा तीन अखिल भारतीय संघटना उभ्या राहिल्या. त्या कम्युनिस्टांच्या मालकीच्या नव्हत्या. किसान सभेचे पहिले अध्यक्ष स्वामी सहजानंद होते आणि लेखक संघाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष प्रेमचंद. परंतु अशा संघटनांत सतरंज्या उचलण्यापासून ठराव लिहिण्यापर्यंतचे काम ज्यांनी केले त्यांत कम्युनिस्ट मोठ्या संख्येने होते.

दक्षिणेतला लाभ तर अपेक्षेपलीकडचा होता. ई. एम. एस. नंबुद्रिपाद, पी. कृष्ण पिल्लै, ए. के. गोपालन ही मलबारची मंडळी काँग्रेस समाजवादी पक्षातून साम्यवादाकडे आली आणि आपल्याबरोबर आख्खी संघटना घेऊन आली. आंध्रात पी. सुंदरय्यांनी तेच केले. केरळ आणि तेलुगू भाषक प्रदेश पुढे कम्युनिस्टांचे बालेकिल्ले का झाले, याचे उत्तर मार्क्सच्या ग्रंथांपेक्षा या चार वर्षांतील कामात अधिक सापडते. काँग्रेसच्या तालुका समित्या, शिक्षकांच्या संघटना, वाचनालये आणि शेतकरी संघ यांतून कार्यकर्ता घडत गेला. त्याला आपण राष्ट्रीय चळवळीपासून वेगळे आहोत असे कधी वाटलेच नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा कम्युनिस्टांनी त्याला साम्राज्यशाही युद्ध म्हटले आणि त्याला विरोध केला. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतील सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. जगातील युद्धविरोधी संपांत त्याची गणना अगदी पहिल्यांत करावी लागेल. सरकारने धरपकड सुरू केली, डांगे, बी. टी. रणदिवे आदी नेते राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध झाले. जोशी भूमिगत राहून पक्ष चालवत होते. काँग्रेस समाजवाद्यांशी संबंध याच काळात विकोपाला गेले आणि १९४० मध्ये त्यांनी कम्युनिस्टांना बाहेरचा रस्ता दाखवला.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. यानंतरचे सहा महिने मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलके वाटतात. कम्युनिस्टांनी मॉस्कोची कळ दाबली जाताच एका रात्रीत भूमिका फिरवली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. सोव्हिएत संघाला मदत करायची तर ब्रिटिश साम्राज्याशी लढूनच करता येईल, अशी भूमिका भूमिगत नेतृत्वाने आरंभी घेतली. भारताच्या दृष्टीने युद्ध अजूनही साम्राज्यशाहीच होते. उलट, देवळीत बंदिवासात असलेल्या नेत्यांनी युद्धाचे स्वरूप पालटले आहे, आता हे ‘लोकयुद्ध’ आहे, असा प्रबंध लिहून पाठवला. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा आग्रहही तोच होता. अखेर डिसेंबर १९४१ मध्ये जोशींच्या नेतृत्वाने ही भूमिका स्वीकारली.

म्हणजे सहा महिने पक्षात खराखुरा मतभेद होता आणि देशातील परिस्थितीशी अधिक जुळणारी बाजू जे बाहेर लोकांत वावरत होते त्यांची होती. तरीही ती हरली. का हरली? मतभेद मांडण्याची, तो सदस्यांपुढे ठेवण्याची आणि त्यावर कौल घेण्याची कोणतीही यंत्रणा पक्षात नव्हती. बंदीमुळे ती असणे कठीण होते हे मान्य. पण त्याहून मोठे कारण असे की, अखेरचा निवाडा देशाबाहेर होतो हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले होते. वाद भारताच्या हिताविषयी झालाच नाही. आंतरराष्ट्रीय भूमिकेचा अचूक अर्थ कोणाला कळला, एवढ्यापुरताच तो राहिला.

जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली. थोड्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला. विरोधात मते पडली अवघी १३, कम्युनिस्ट सदस्यांची. त्याच सभेत गांधीजींनी या तेरा जणांचे, आपल्या मताला जागल्याबद्दल, अभिनंदन केले होते, ही गोष्ट आज दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात. दुसऱ्या दिवशी सगळे काँग्रेस नेतृत्व गजाआड झाले आणि देश पेटला. ज्या कार्यकर्त्यांनी चार वर्षे काँग्रेसच्या झेंड्याखाली लाठ्या खाल्ल्या होत्या, त्यांना आता संप टाळा, उत्पादन वाढवा, जपानी आक्रमणाविरुद्ध सज्ज व्हा, असे लोकांना सांगत फिरावे लागले. सुभाषचंद्र बोस यांची ‘पीपल्स वॉर’ या पक्षाच्या साप्ताहिकातून जपानचे बाहुले म्हणून व्यंगचित्रे निघाली. पुढे कम्युनिस्ट नेत्यांनीच ते मूल्यमापन चुकीचे होते हे उघडपणे मान्य केले. पण बंगालच्या मनावरचा तो ओरखडा फार काळ राहिला.

इथपर्यंतची कथा चुकीच्या निर्णयाची आहे. पण त्याच वर्षांत जोशींनी जे केले तेही तितकेच खरे आहे, आणि त्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. काँग्रेसचे नेते तुरुंगात होते, सरकार हात झटकत होते. जोशी स्वतः बंगालमध्ये फिरले आणि तरुण छायाचित्रकार सुनील जाना यांना त्यांनी बरोबर घेतले. जाना यांची छायाचित्रे आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने पक्षाच्या पत्रांतून प्रसिद्ध झाली तेव्हा उर्वरित भारताला या दुष्काळाचा चेहरा दिसला. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून जाळल्या. युद्धात सरकारला साथ देणाऱ्या पक्षाचे साहित्य सरकार जाळत होते. कम्युनिस्ट सरकारचे भाडोत्री होते या आरोपाला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. मार्च १९४३ मध्ये कय्यूरच्या चार शेतकरी कार्यकर्त्यांना कण्णूरच्या तुरुंगात फाशी झाली. त्याआधी तुरुंगात जाऊन त्यांना भेटणाऱ्यांत जोशी होते.

मे १९४३ च्या अखेरीस मुंबईत पक्षाचे पहिले अधिवेशन भरले, आणि त्याच दिवसांत, २५ मे रोजी, ‘इप्टा’ या लोकनाट्य संघाची स्थापना झाली. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नवान्न’, रविशंकर यांनी ‘सारे जहाँ से अच्छा’ला दिलेली चाल, बलराज साहनी आणि कैफी आझमी यांच्यासारख्यांचे काम हे सगळे या वातावरणातले. मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको की, अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा आणि अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबरचे लाल बावटा कलापथकही याच लाटेत जन्मले. सँडहर्स्ट रोडवरील पक्षाच्या मुख्यालयात नेते, कार्यकर्ते, लेखक, कलावंत एकत्र राहत, एकाच पंक्तीला जेवत आणि तुटपुंज्या भत्त्यावर भागवत. कलावंताला पत्रके वाटायला न लावता त्याच्याकडून त्याचे स्वतःचे काम करून घेणे, ही जोशींची देणगी होती. भारतातल्या किती पक्षनेत्यांना हे साधले आहे?

आकडेही हेच सांगतात. बंदी उठली तेव्हा पाच हजारांच्या आत असलेली सदस्यसंख्या १९४३ च्या अधिवेशनापर्यंत १५ हजारांवर गेली आणि १९४८ मध्ये ती ८९ हजारांच्या घरात होती. प्रतिस्पर्धी तुरुंगात असताना मोकळे मैदान मिळाले, हे त्याचे एक कारण निश्चितच होते. पण एवढ्यानेच पक्ष वाढत नाहीत.

गांधीजींनी या विरोधाभासावर नेमके बोट ठेवले. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी जोशींना पत्र लिहून थेट प्रश्न विचारले: ‘लोकयुद्धा’तले लोक कोण? पक्षाचा हिशेब जनतेपुढे ठेवाल का? संप घडवणाऱ्या कामगार नेत्यांच्या अटकेत तुमचा हात होता का? काँग्रेसमध्ये तुम्ही वाईट हेतूने शिरलात का? आणि तुमचे धोरण बाहेरून ठरते का? जोशींनी सविस्तर उत्तरे दिली, हिशेब तपासू देण्याची तयारी दाखवली आणि पुढे हा पत्रव्यवहार पक्षानेच पुस्तकरूपाने छापला. आजच्या काळात एका पक्षाच्या प्रमुखाने दुसऱ्याला निधीचा हिशेब विचारावा, त्याने तो देऊ करावा आणि सगळी पत्रे छापून टाकावीत, याची कल्पना करून पाहावी. निवडणूक निधीच्या पारदर्शकतेवर आपण एवढी चर्चा करतो. हा आठ दशकांपूर्वीचा दाखला त्यात कोणी देत नाही. मात्र पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाला जोशींकडे समाधानकारक उत्तर नव्हते, असे ती उत्तरे वाचताना माझे मत झाले. मे १९४३ मध्ये कॉमिन्टर्न विसर्जित झाली होती, त्यामुळे आदेश देणारे कार्यालयच उरले नव्हते. तरीही धोरण बदलले नाही, कारण अवलंबित्व मनात रुजले होते.

दुसरी मोठी चूक पाकिस्तानच्या मागणीबाबतची. सप्टेंबर १९४२ मध्ये अधिकारींनी मांडलेल्या प्रबंधाने भारत हा अनेक राष्ट्रीयत्वांचा देश असल्याचे सांगून त्यांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. काँग्रेस आणि मुस्लीम लीग यांच्यात समेट व्हावा हा त्यामागचा हेतू होता. भाषावार प्रांतरचनेचा विचार त्यातून पुढे गेला, हे त्याचे इष्ट फळ. पण धर्मावर आधारलेल्या मागणीला राष्ट्रीयत्वाचे शास्त्रीय वेष्टन मिळाले, हा त्याचा अनर्थ. पुढे पक्षाने ही भूमिका सोडली. पण तोवर पाणी पुलाखालून वाहून गेले होते.

भारतीय नेतृत्वच एवढे परावलंबी होते का? शेजारी ठेवून पाहावे असे एक उदाहरण ब्रिटनचेच आहे. हॅरी पॉलिट हे तेथील पक्षाचे सरचिटणीस. सप्टेंबर १९३९ मध्ये त्यांनी हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला. मॉस्कोने युद्ध साम्राज्यशाही ठरवताच पॉलिट यांना पद सोडावे लागले आणि पाम दत्त यांच्याकडे सूत्रे गेली. १९४१ मध्ये रशियावर हल्ला झाल्यावर पॉलिट परत आले. अमेरिकेत अर्ल ब्राउडर यांनी युद्धकालीन मैत्रीच्या भरात १९४४ मध्ये पक्षच विसर्जित केला आणि १९४६ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. धोरण आखण्यात नेत्याचा वाटा थोडा आणि ते फसल्यावर शिक्षेतला वाटा मात्र पूर्ण, असाच हा क्रम होता. जोशींच्या वाट्याला तेच आले.

युद्ध संपताच हिशेब चुकते होऊ लागले. १९४५ च्या अखेरीस काँग्रेसने कम्युनिस्टांना बाहेर काढले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत पक्षाला आठ जागा मिळाल्या. बंगालमधून निवडून आलेल्यांत तरुण ज्योती बसू होते. त्याच फेब्रुवारीत नौसैनिकांच्या बंडाला मुंबईच्या कामगारांनी संपाने साथ दिली, तेभागा आणि तेलंगणाचे लढे सुरू झाले, ठाणे जिल्ह्यात वारली उठले. खालचा कार्यकर्ता लढाऊ झाला होता. वर जोशी नेहरूंच्या सरकारला पाठिंबा देत राष्ट्रीय आघाडीचे स्वप्न जपत होते. फेब्रुवारी-मार्च १९४८ मधील कलकत्ता अधिवेशनाने त्यांना ‘सुधारणावादी’ ठरवले आणि रणदिवे सरचिटणीस झाले. जोशींना आधी निलंबित आणि १९४९ च्या अखेरीस बडतर्फ करण्यात आले.

नव्या नेतृत्वाने स्वातंत्र्य खोटे असल्याचे सांगून सशस्त्र उठावाची हाक दिली. दोन वर्षांत सदस्यसंख्या ८९ हजारांवरून वीस हजारांच्या आसपास आली. १९५० मध्ये रणदिवेही गेले आणि १९५१ मध्ये जोशींना पक्षात परत घेण्यात आले, पण पुन्हा नेतृत्व मिळाले नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाने लोकसभेच्या १६ जागा जिंकल्या आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. त्यांतील बहुतेक जागा मद्रास आणि पश्चिम बंगालमधून, म्हणजे जोशींच्या काळात जिथे शेतकऱ्यांत आणि कामगारांत काम उभे राहिले त्याच भूमीतून, आल्या.

जोशींच्या कारकिर्दीचे मोजमाप मी असे करीन: संघटक म्हणून त्यांची बरोबरी करील असा सरचिटणीस त्या पक्षाला पुन्हा लाभला नाही, पण ज्या क्षणी स्वतःचे मत टिकवायला हवे होते, त्या क्षणी त्यांनी ते सोडले. डिसेंबर १९४१ मध्ये त्यांनी पूर्वीच्या भूमिकेवर ठाम राहायचे ठरवले असते तर कदाचित पॉलिट यांच्यासारखे पद गमावले असते. पक्षाने मात्र १९४२ चा डाग गमावला असता.

हा प्रश्न केवळ कम्युनिस्टांचा नाही. आज आपल्या पक्षांचे आदेश मॉस्कोहून येत नाहीत; ते एखाद्या घराण्याच्या दिवाणखान्यातून किंवा एकाच नेत्याच्या कार्यालयातून येतात. जिल्ह्याचा कार्यकर्ता, जो रोज लोकांना तोंड देतो, त्याला निर्णय वर्तमानपत्रातून कळतो आणि समर्थन मात्र त्यालाच करावे लागते. आपला निवडणूक कायदा पक्षांची नोंदणी करतो, त्यांच्याकडून घटना मागतो. पण मतभेद नोंदवण्याचा, धोरण सदस्यांपुढे मतास टाकण्याचा किंवा चुकीची जाहीर चिकित्सा करण्याचा कोणताही खरा मार्ग त्यातून निघत नाही. नेता बदलला की धोरण चुकीचे ठरते, आणि धोरण चुकले की एक नेता बळी दिला जातो. निर्णयाची पद्धत जिथल्या तिथे राहते.

जोशी १९८० मध्ये दिल्लीत वारले. अखेरच्या वर्षांत त्यांनी आपल्या चळवळीची कागदपत्रे गोळा करण्याचा ध्यास घेतला होता आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संग्रहाला आज त्यांचेच नाव आहे. ज्याला पक्षाने इतिहासातून वगळू पाहिले त्यानेच तो इतिहास जपून ठेवला. शताब्दीच्या सोहळ्यांत भाषणे पुष्कळ झाली. त्या कागदांतील १९४१ च्या सहा महिन्यांची चर्चा मात्र अजून व्हायची आहे, आणि ती कम्युनिस्टांइतकीच इतर पक्षांनाही उपयोगी पडेल.